जीर्णोद्धाराची वाट पाहणारी मोटारगाडी

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु घरांतील जुनी वस्तु अडगळींत पडली म्हणजे तिला कोणी सोनें म्हणत नाहीं, भंगार म्हणतात. ज्याला आपण भंगार म्हणतों त्यांत सोनें कोठें दडलें आहे, हें ओळखण्यास ज्ञान लागतें. या लेखांत आम्हीं अशाच एका जुन्या वस्तूविषयीं कांहीं माहिती देण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या सुमारास अमेरिकेंत तयार झालेली, श्रीमंतांच्या ऐषआरामाची, आज दुर्मिळ झालेली मोटारगाडी. आणि तीही प्रदर्शनांत झगमगणारी नव्हे, तर धुळीनें माखलेली, चाकें बसलेली, आंतील लांकूड कुजलेली, पूर्ण जीर्णोद्धाराची वाट पाहत छपराखालीं उभी असलेली. अशा गाडीचें मोल कशांत असतें, तिचा जीर्णोद्धार म्हणजे नेमकें काय, आणि तो कितपत करावा, या तीन प्रश्नांचा विचार येथें क्रमानें करूं.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. आर्वीच्या मुलांनीं अमेरिकेच्या मोटारीचा विचार कां करावा? उत्तर असें कीं, अमेरिकन मोटार ही आपल्या देशास परकी राहिलेली नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत कशी होते आणि उन्हाळ्यांत तिला कशा भेगा पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा वाटेवर ठेंगण्या गाडीचा निभाव लागणें कठीण. इंग्लंडांत मोटारीवरील कर एंजिनाच्या नळकांड्यांच्या व्यासावरून आकारला जाई. म्हणून तेथील कारखानदार कर वांचविण्यासाठीं अरुंद नळकांड्यांचीं लहान एंजिनें बनवीत. अमेरिकेंत तसा जड कर नव्हता, पेट्रोल मुबलक होतें, आणि खेड्यापाड्यांतील रस्ते आपल्याइतकेच कच्चे होते; म्हणून तेथील गाड्या उंच, दणकट व जोरकस झाल्या. याच गुणांमुळें त्या हिंदुस्थानांत खपूं लागल्या. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजानें येत व गाडी येथें उभी राही. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या धर्तीच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या बाहेर पडूं लागल्या.

खुद्द आपल्या जिल्ह्यांत एका अमेरिकन मोटारीची गोष्ट प्रसिद्ध आहे. वर्ध्यास जमनालाल बजाज यांच्याकडील एका जुन्या फोर्ड गाडीस बैल जुंपून पाहुण्यांची ने-आण होत असे. इंग्रजींत बैलास ‘ऑक्स’ म्हणतात; तेव्हां बैलांनीं ओढलेली फोर्ड ती ‘ऑक्सफोर्ड’, असा विनोद त्या काळीं रूढ झाला. विनोद बाजूस ठेविला तरी त्यांत एक तथ्य आहे. मोटार ही इंधन, सुटे भाग आणि जाणता मिस्त्री या तिहींवर जगते. तिहींपैकीं एकाचा आधार तुटला कीं मोठी गाडीही बैलांच्या मागें लागते, नाहीं तर छपराखालीं उभी राहते. आज जीर्णोद्धाराची वाट पाहत असलेल्या बहुतेक गाड्यांची कथा हीच आहे.

आतां साधी गाडी व ऐषआरामाची गाडी यांतील भेद पाहूं. फोर्ड कंपनीची ‘टी’ नांवाची गाडी १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींहून अधिक संख्येनें तयार झाली. ती सर्वांसाठीं होती, व तिचा प्रत्येक भाग सारखा होता. उलट श्रीमंतांच्या गाडींत दोन वेगळ्या विद्या एकत्र येत. पहिली विद्या कारखान्याची. चॅसिस म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, एंजिन, चाकें व ब्रेक हें सर्व कारखाना यंत्रावर अचूक मापानें बनवी. ही अचूकता किती होती याचें एक उदाहरण सांगतों. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या सर्वस्वीं सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, आणि त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या जोडून त्या ५०० मैल पळविण्यांत आल्या. कानस न लावतां भाग बसतात, हें सिद्ध झालें. दुसरी विद्या कारागिराची. बॉडी म्हणजे वरची बांधणी ही निराळ्या गाडीकारांकडे होई. हे मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे लोक. ते लांकडाचा सांगाडा उभारीत, त्यावर पत्रा हातानें ठोकून वळवीत, आणि गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणें आसनें, दिवे व रंग करून देत. म्हणून अशा दोन गाड्यांचीं एंजिनें सारखीं असलीं तरी दोन बॉड्या तंतोतंत सारख्या क्वचितच सांपडतात. एकीचें दार दुसरीस बसत नाहीं. जीर्णोद्धाराची सर्व अडचण व सर्व गोडी या एका गोष्टींत सामावलेली आहे.

अशा गाड्या बनविणाऱ्या कंपन्यांत पॅकार्ड, पिअर्स-अ‍ॅरो, कॅडिलॅक व लिंकन हीं नांवें मोठीं होतीं. पॅकार्डनें १९१५ सालीं बारा नळकांड्यांची गाडी विक्रीस आणली. कॅडिलॅकनें १९३० सालीं सोळा नळकांड्यांची आणली. कॅडिलॅकनेंच १९१२ च्या गाड्यांना विजेनें सुरू होणारें यंत्र बसविलें, आणि हातानें दांडा फिरवून एंजिन चालू करतांना मनगट मोडण्याचा धोका टळला. परंतु या सर्वांत ज्या नांवाचा दरारा आजही आहे तें नांव ड्यूझेनबर्ग.

फ्रेड व ऑगस्ट ड्यूझेनबर्ग हे दोघे बंधु जर्मनींत जन्मले व लहानपणींच अमेरिकेंत आले. सायकली बनवितां बनवितां ते मोटारींकडे वळले. १९२१ सालीं फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतींत त्यांची गाडी पहिली आली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनीं १९२४, १९२५ व १९२७ या तीन सालीं जिंकली. परंतु शर्यत जिंकणें निराळें आणि धंदा चालविणें निराळें. कंपनी अडचणींत आली व १९२६ सालीं एर्रेट कॉर्ड या धाडसी उद्योजकानें ती विकत घेतली. जगांतील सर्वांत उत्तम गाडी बनवा, अशी त्याची मागणी होती. १९२८ सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ‘जे’ नांवाची गाडी लोकांपुढें आली. तिच्या एंजिनांत एका ओळींत आठ नळकांडीं होतीं, प्रत्येकास चार झडपा, म्हणजे एकूण बत्तीस. शक्ति २६५ अश्वबळ असल्याचें कंपनी सांगे. पुढें त्यांत हवा दाबून भरणारा पंखा बसविला. लोहाराचा भाता जसा विस्तवास वारा पुरवून त्याचा जोर वाढवितो, तसाच हा पंखा नळकांड्यांत अधिक हवा कोंबून स्फोटाचा जोर वाढवितो. त्यायोगें शक्ति ३२० अश्वबळापर्यंत गेली. समोरच्या फळीवर उंची दाखविणारें यंत्र व थांबविण्याचें घड्याळ असे, आणि तेल बदलण्याची व बॅटरी तपासण्याची वेळ झाली कीं आपोआप दिवे लागत. एंजिनाची थरथर शोषून घेण्यासाठीं क्रँकच्या दांड्यास पाऱ्यानें भरलेल्या कुप्या लावलेल्या असत. नुसत्या सांगाड्याची किंमत प्रथम ८,५०० डॉलर होती. बॉडीचा खर्च निराळा. त्या वेळीं एक साधी फोर्ड गाडी सुमारें ५०० डॉलरांत घरीं येई.

दुर्दैवानें गाडी बाजारांत आली आणि एका वर्षाच्या आंत, १९२९ च्या ऑक्टोबरांत, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. जगभर मंदी पसरली. फ्रेड ड्यूझेनबर्ग १९३२ सालीं मोटार-अपघातानंतर वारला; १९३७ सालीं कंपनीचें काम बंद पडलें. तोंवर ‘जे’ जातीच्या सुमारें ४८० गाड्याच झाल्या होत्या. पिअर्स-अ‍ॅरो १९३८ सालीं बुडाली. पॅकार्डचें नांव १९५८ सालीं मावळलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत लोखंडाची टंचाई झाली तेव्हां कित्येक जुन्या गाड्या वितळविल्या गेल्या. दुर्मिळपणा हा असा येतो: आधीं थोड्या घडतात, मग थोड्यांतल्या बहुतेक नाहींशा होतात.

या ४८० पैकीं एक गाडी मराठी राजकुळाशीं निगडित आहे, म्हणून तिचा उल्लेख येथें अगत्याचा वाटतो. नीरा नदीकांठच्या होळ गांवावरून ज्यांचें आडनांव पडलें, त्या होळकर घराण्यांतील इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव यांचा जन्म १९०८ सालीं झाला. त्यांना नव्या कलेची आवड होती. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन शिल्पज्ञानें आधुनिक पद्धतीनें सजविला. १९३५-३६ च्या सुमारास त्यांच्यासाठीं ड्यूझेनबर्गचा पंखा लावलेला सांगाडा अमेरिकेंतून आला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या गाडीकारांनीं त्यावर केवळ दोन माणसांसाठीं उघडी बॉडी चढविली. रंग केशरी व काळा. एवढ्या मोठ्या सांगाड्यावर आसनें दोनच. म्हणून गाडीचें नाक लांबलचक दिसे. यंत्र इंडियानापोलिसचें, बांधणी लंडनची, मालक इंदूरचे: तीन खंडांची ती गाडी होती. यशवंतराव १९६१ सालीं निवर्तले. त्यांची ती गाडी आज भारतांत नाहीं. ती अमेरिकेंतील संग्राहकांच्या हातीं गेली. ती ज्या देशांत घडली त्या देशानें तिला जपलें, यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु आपल्या एका राजाच्या अभिरुचीचा पुरावा पाहण्यास आतां आपणांस समुद्र ओलांडावा लागतो, हें मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. जुन्या गाड्यांना लोक सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात. पण या शब्दास ठराविक अर्थ आहेत. इंग्लंडांतील प्रघाताप्रमाणें पहिल्या महायुद्धानंतर १९३० अखेरपर्यंत घडलेली गाडी ती व्हिंटेज. अमेरिकेंतील एक जुनी संस्था १९१५ ते १९४८ या काळांतील निवडक उंची गाड्यांस ‘क्लासिक’ म्हणते. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमाप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी अथवा चारचाकी, जिच्या मूळ स्वरूपांत मोठा फेरफार केलेला नाहीं, ती व्हिंटेज समजावी. अशा गाडीस ‘व्ही ए’ ही अक्षरें असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षें चालते. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास नेतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा ठराविक कारणांसाठींच ती रस्त्यावर आणावयाची असते. ‘मूळ स्वरूपांत मोठा फेरफार नाहीं’ हे शब्द आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्यांच्याभोंवतीं फिरतें.

समजा, एखादी पॅकार्ड किंवा ड्यूझेनबर्ग चाळीस वर्षें बंद छपराखालीं उभी आहे. तिच्याकडे पाहतांच उत्साही माणसास पहिली इच्छा होते ती एंजिन चालू करण्याची. नेमकें तेंच करूं नये. तेल आटून डिंकासारखें झालेलें असतें, नळकांड्यांत ओल शिरून दट्टे गंजानें चिकटलेले असतात, टांकींत पेट्रोलचा राळेसारखा थर बसलेला असतो. अशा स्थितींत जोरानें फिरविलेलें एंजिन एका क्षणांत कायमचें मोडतें. जाणता मिस्त्री प्रथम स्पार्क-प्लगच्या भोकांतून तेल सोडतो, कांहीं दिवस थांबतो, आणि मग हातानें हळुहळू दांडा फिरवून पाहतो.

दुसरी इच्छा होते ती धुऊन पुसून स्वच्छ करण्याची. तीही आवरावी. पहिलें काम नोंदीचें आहे. सांगाड्यावरचा क्रमांक, एंजिनावरचा क्रमांक, गाडीकाराची पट्टी, नोंदणीचे जुने कागद, घरांतील छायाचित्रें, वृद्ध चालकाच्या आठवणी, हें सर्व लिहून काढावें. याचें कारण असें कीं, या गाड्यांच्या किमती आतां कल्पनेपलीकडे गेल्या आहेत. चित्रपटांतील नट गॅरी कूपर याची ड्यूझेनबर्ग २०१८ सालीं लिलावांत दोन कोटी वीस लक्ष डॉलरांस विकली गेली. जेथें इतका पैसा तेथें खोटेपणाही येतो. एकीचा सांगाडा, दुसरीचें एंजिन आणि नवीच बनविलेली बॉडी एकत्र करून ‘अस्सल’ म्हणून खपविण्याचा मोह होतो. त्या मोहास उत्तर एकच: क्रमांक व कागद. खताच्या कागदाशिवाय शेत जसें आपलें असें सिद्ध करतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

नोंद झाल्यावर गाडी सुटी करतात. प्रत्येक स्क्रूस चिठ्ठी, प्रत्येक भागाचें छायाचित्र. गाडी लंकेची पार्वती झाली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. सांगाड्याच्या पोलादास तडे आहेत काय, रिव्हेट ढिले झाले काय, हें पाहतात. एंजिनाचीं नळकांडीं झिजून लंबगोल झालेलीं असतात. तीं पुन्हां कोरून गोल करतात व त्या मापाचे नवे दट्टे बनवितात. बेअरिंगें आजच्यासारखीं डब्यांतून येत नसत. कथील, अँटिमनी व थोडें तांबें यांची पांढरी मिश्रधातु वितळवून जागच्या जागीं ओतावी लागे, आणि मग दांडा बसवून, जेथें घांसतें तेथें पात्यानें खरडून, केसभर फरक राहीपर्यंत जुळवावी लागे. हें काम पुस्तक वाचून येत नाहीं. गुरूच्या हाताखालीं बसून येतें. वर सांगितलेल्या पाऱ्याच्या कुप्या घ्या. त्यांचें प्रयोजन ज्यास ठाऊक नाहीं, असा माणूस त्या निरुपयोगी डब्या समजून फेंकून देईल, आणि मग एवढें नामांकित एंजिन इतकें कां थरथरतें याचा उलगडा कोणासच होणार नाहीं.

बॉडीचें काम सुताराचें व पत्रेवाल्याचें. वरून पत्रा शाबूत दिसला तरी आंतील लांकूड वाळवीनें पोखरलेलें असूं शकतें. दार उघडतांच तें खालीं झुकतें, यावरून तें कळतें. अशा वेळीं कुजलेला तुकडाच तेवढा काढून त्याच मापाचा, त्याच जातीच्या लांकडाचा नवा तुकडा सांधावा. सबंध चौकट बदलूं नये. रंगाचीही एक विद्या आहे. १९२३ सालापर्यंत गाड्यांना तेलाचा रंग व रोगण यांचे थरावर थर देत, व ते वाळण्यास आठवडे लागत. त्या सुमारास ड्युपाँट कंपनीचा लवकर वाळणारा नवा रंग निघाला आणि कारखान्यांची गति वाढली. मूळ रंग कोणता होता हें बिजागरीच्या मागें किंवा गादीच्या खालीं, जेथें पुढील रंगाऱ्याचा हात पोंचला नाहीं तेथें, सांपडतो. चकाकी देणारा मुलामा पूर्वीं निकेलचा असे. क्रोमियमचा मुलामा १९३० च्या आगेंमागें रूढ झाला. निकेलची किंचित् पिवळसर झांक व क्रोमियमची निळसर झांक डोळ्यांस ओळखूं येते. १९२४ च्या गाडीस क्रोमियम चढविणें म्हणजे पेशवाईच्या नाटकांत पात्राच्या मनगटावर घड्याळ दिसण्यासारखें आहे.

आमच्या कापसाच्या मुलखांतील वाचकांस एक गोष्ट विशेष मौजेची वाटेल. बैलगाडीच्या चाकास जशी लोखंडी धांव, तशी मोटारीस रबराची. पण नुसतें रबर भार सोसत नाहीं. त्या काळच्या टायरांच्या पोटांत कापसाच्या पिळदार दोऱ्यांचे थर असत. त्यासाठीं लांब धाग्याचा कापूस लागे. १९३० नंतरच्या दशकांत कृत्रिम धागा येऊं लागला आणि कापसाची ती चाकरी हळुहळू संपली. म्हणजे सोळा नळकांड्यांची राजेशाही गाडीही अखेर शेतकऱ्याच्या बोंडावरच धांवत होती!

आतां तिसरा व सर्वांत कठीण प्रश्न: जीर्णोद्धार कितपत करावा? पूर्ण जीर्णोद्धारास अनेक वर्षें व हजारों तासांचें श्रम लागतात. तो झाल्यावर गाडी कारखान्यांतून आजच निघाल्यासारखी दिसते. कधीं कधीं तर मुळींत नव्हती इतकी चकचकीत होते. परंतु त्या चकाकींत कांहीं नाहींसें झालेलें असतें. चामड्यावर पडलेली मालकाच्या हाताची छाप, गाडीकारानें लांकडावर आंतून पेन्सिलीनें लिहिलेली मापें, ब्रशाच्या रेषा, हें सर्व जातें. आपल्या विदर्भांत हेमाडपंती देवळें पुष्कळ आहेत. कित्येक ठिकाणीं भाविकांनीं चांगल्याच हेतूनें त्यांच्या शिळांवर तैलरंगाचे थर चढविले, आणि सातशें वर्षांचें कोरीव काम त्याखालीं बुजलें. हेतु भक्तीचा, परिणाम हानीचा. गाडीचेंही असेंच होतें.

यासाठीं जगांतील जुन्या वाहनांच्या संस्थांच्या संघानें, ज्यास संक्षेपानें ‘फीव्हा’ म्हणतात, २०१३ सालीं तूरिनची सनद मान्य केली. प्राचीन इमारतींविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जीं तत्त्वें ठरलीं, तींच तींत वाहनांस लावलीं आहेत. तिचा मथितार्थ असा. पहिला उपाय राखण: वस्तु आहे तशी सांभाळणें. दुसरा संवर्धन: झीज थांबविण्यापुरता हात लावणें. तिसरा जीर्णोद्धार: जें नाहींसें झालें तें पुराव्याच्या आधारें भरून काढणें. पहिल्यानें भागत असेल तर दुसऱ्याकडे जाऊं नये, दुसऱ्यानें भागत असेल तर तिसऱ्याकडे. आणि जें नवें घालावें लागेल त्याची नोंद ठेवावी, म्हणजे पुढील पिढीस जुनें कोणतें व नवें कोणतें हें समजेल. जुनी पोथी वाळवीनें खाल्ली म्हणून कोणी नवी सुवाच्य प्रत करून मूळ पोथी जाळून टाकीत नाहीं. प्रत वाचावयास ठेवितो, आणि मूळ रुमालांत बांधून जपतो.

तर मग पूर्ण जीर्णोद्धार कधींच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. पावसांत पडून जिचा पत्रा चाळण झाला, जिचे दिवे व आसनें चोरीस गेलीं, तिच्यांत राखण्याजोगें थोडेंच उरलें. तिला नवें रूप देणें हेंच तिला वांचविणें होय. परंतु जी जीर्ण असली तरी पूर्ण आहे, तिच्यावर उतावीळपणें हात टाकूं नये. जीर्णोद्धार उद्यांही करतां येतो. घालविलेलें मूळपण मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाहीं. म्हणून ज्या मालकापाशीं आज पैसा नाहीं किंवा कारागीर नाहीं, त्यानें लाज वाटून घेऊं नये. थांबणें हेंही एक काम आहे, मात्र तें नीट करावें. गाडी ठोकळ्यांवर उचलून चाकांवरील भार काढावा. खालीं ओल व वर गळती नसावी. वारा खेळता ठेवावा. उंदीर तारांचें वेष्टण व गादींतील केस कुरतडतात, त्यांचा बंदोबस्त करावा. सुटलेला भाग, मग तो कितीही क्षुल्लक दिसो, त्याच छपराखालीं डब्यांत ठेवावा. आणि ‘एक दिवाच द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास नम्रपणें नाहीं म्हणावें. एक एक दिवा करतां करतांच गाड्या संपतात.

पालकांस एक विनंति. मोटार सर्वांच्या घरीं नसते. पण सरकीचा जुना रेंचा, आजोबांचें शिवणयंत्र, सुताराचा वंशपरंपरेचा रंधा, हातानें फिरविण्याचें ध्वनियंत्र, असें कांहींतरी असतेंच. भंगारवाल्याच्या तराजूंत तें घालण्यापूर्वीं एकदां मुलांस जवळ बसवून तें कोणी आणलें, कसें चालवीत, कोठें बिघडे, हें सांगावें व त्यांच्याकडून लिहवून घ्यावें. वस्तु गेली तरी ज्ञान राहील; आणि ज्ञान राहिलें तर बहुधा वस्तुही राहील.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, आपल्या गांवांतील लोहार, सुतार, लेथवर काम करणारा मिस्त्री यांच्या दुकानापाशीं थोडा वेळ उभे राहण्यास शिका. मोठ्या शहरांतील जीर्णोद्धाराच्या कारखान्यांत पैशाची वाण पडत नाहीं इतकी जाणत्या हातांची वाण पडते. १९१७ सालीं सुरू झालेल्या आपल्या पुलगांव–आर्वी अरुंद रेल्वेवर आज गाडी धांवत नाहीं. तिच्या एंजिनांची, स्टेशनांची व चालकांची हकीकत आर्वींतील वृद्ध माणसांपाशीं अजून असेल. ती विचारून लिहून ठेवण्यास पैसा लागत नाहीं, एक वही व एक सुटीचा दिवस पुरतो. जीर्णोद्धाराचें पहिलें काम नोंदीचें, असें वर म्हटलें आहे. तें काम आठवीच्या विद्यार्थ्यासही करतां येण्याजोगें आहे.